घरकुलाचा अर्ज: नशीब थोडं, कागद फार

खडेबाजारात दुकानांची शटर वर जातात तेव्हा त्यांच्या आत-बाहेर कामाला लागणारी माणसं पाहा. कापड दुकानातले सेल्समन, हमाल, फुटपाथवर टोपली घेऊन बसणाऱ्या बायका, हातगाडीवाले, शिलाई मशीनवर वाकलेले कारागीर. यांतले कितीतरी जण भाड्याच्या एका खोलीत संसार करतात. त्यांच्यापुढं ‘सरकारी घर’ हा विषय काढला, की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘आमच्या नशिबात नाही ओ’. दुसरं, ‘आमची वर कुणाशी ओळख नाही’. ‘माझा कोणता कागद कमी पडला?’ हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतो. खरं तर घरकुलाचे पुष्कळ अर्ज तिथंच अडतात, आणि तो अडथळा काढायला आपल्यासारखे कॉलेजात शिकणारे विद्यार्थी मदत करू शकतात.

‘नशीब’ हा शब्द आपल्याकडं बहुधा मुंबई-पुण्याहून आला. तिथं म्हाडाची जाहिरात येते, लोक ऑनलाइन अर्ज करतात, अनामत रक्कम भरतात आणि संगणकावर सोडत निघते. नातेवाइकांकडून हे ऐकलं, की आपल्यालाही वाटतं, घर म्हणजे लॉटरी. बेळगाव आणि निपाणी कर्नाटकात आहेत, आणि इथली पद्धत वेगळी आहे. इथं गरिबांसाठीचं बहुतेक घर यादीतून मिळतं. यादीत नाव येण्यासाठी पात्रता लागते, पात्रता सिद्ध करायला कागद लागतात आणि कागदांचा एकमेकांशी मेळ लागतो. नशिबाचा आणि ओळखीचा भाग अजिबात नसतो असं कोण म्हणेल? पण कागदच जुळत नसतील, तर ओळखीचाही उपयोग होत नाही.

कोणत्या दारात जायचं?

‘घरकुल योजना’ म्हणून एकच योजना नाही. दारं चार आहेत, आणि चुकीच्या दारात उभं राहिलं की वर्षं वाया जातात.

पहिलं दार गावाचं. तुमचा घरफाळा ग्रामपंचायतीत भरला जात असेल, तर तुम्ही ग्रामीण योजनेत मोडता. येळ्ळूर, कंग्राळी, हिंडलगा ही गावं शहराला कितीही चिकटली, तरी हिशोब पंचायतीचाच. इथं केंद्राची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आहे. तिच्यात सपाट प्रदेशात घर बांधायला १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं. शिवाय राज्य सरकारची बसव वसती योजना आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी डॉ. बी. आर. आंबेडकर निवास योजना आहे, आणि विधवा, अपंग, भटके अशा गटांसाठी देवराज अर्स योजना आहे. राज्याच्या या योजनांचा कारभार बेंगळुरूचं राजीव गांधी ग्रामीण वसती निगम पाहतं. जुनी माणसं अजून ‘आश्रय घर’ म्हणतात, ते यातलंच.

दुसरं दार शहराचं. बेळगावात महानगरपालिका, निपाणीत नगरसभा. इथं राज्याची वाजपेयी नगर वसती योजना आणि केंद्राची प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) चालते. शहरी योजना २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिची दुसरी आवृत्ती १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली असून पाच वर्षांत एक कोटी कुटुंबांना मदत करायची, असं तिचं उद्दिष्ट आहे.

तिसरं दार झोपडपट्टी विकास मंडळाचं, कन्नडमध्ये ‘कोळगेरी अभिवृद्धी मंडळी’. शहरातल्या बहुमजली इमारतींमधले छोटे फ्लॅट बऱ्याचदा हेच मंडळ बांधतं. एक गोष्ट लक्षात घ्या. हे मंडळ ‘घोषित’ वस्त्यांसाठी काम करतं. १९७३ च्या कर्नाटक गलिच्छ वस्ती कायद्याखाली सरकारनं अधिसूचना काढून जी वस्ती जाहीर केली, ती घोषित. तुमची वस्ती कितीही हलाखीची असली, पण जाहीर झाली नसेल, तर आधी गल्लीनं मिळून ती घोषित करून घेण्याची मागणी करावी लागते. एकेकट्यानं अर्ज करून तिथं काही हलत नाही.

चौथं दार कर्नाटक गृहनिर्माण मंडळाचं, म्हणजे केएचबीचं. ते प्लॉट आणि घरं विकतं. त्यासाठी हातात बऱ्यापैकी पैसा किंवा कर्ज मिळण्याची ऐपत लागते. ज्यांचं हातावर पोट आहे, त्यांना पहिली तीन दारंच जवळची.

पात्र कोण?

शहरी योजनेचा नियम तीन प्रश्नांत सांगता येतो.

कुटुंब कुणाला म्हणायचं? नवरा, बायको आणि अविवाहित मुलं-मुली. म्हणजे लग्न झालेला मुलगा आई-वडिलांच्या घरात राहत असला, तरी त्याचं कुटुंब वेगळं धरलं जातं. तीन भाऊ एकाच जुन्या घरात तीन चुली मांडून राहतात, हे चित्र शहापूर-वडगावात काही नवं नाही. अशांनी ‘घर वडिलांचं आहे, आपल्याला कुठलं मिळतंय’ म्हणून गप्प बसू नये. मात्र वडिलोपार्जित घराच्या उताऱ्यावर तुमचंही नाव लागलं असेल, तर ते आधी तपासा. अर्जाची छाननी करणारा पहिला बोट तिथंच ठेवणार.

पक्कं घर आहे का? कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं. गावाकडचं पक्कं घरही यात धरलं जातं. शिवाय मागच्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी गृहयोजनेचा लाभ घेतलेला नसावा.

उत्पन्न किती? वर्षाला ३ लाखांपर्यंत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट, ३ ते ६ लाख कमी उत्पन्न गट आणि ६ ते ९ लाख मध्यम गट. घर बांधायला अनुदान किंवा प्रकल्पातला स्वस्त फ्लॅट हे पहिल्या गटासाठी. बाकीच्यांना मुख्यतः कर्जावरच्या व्याजात सवलत मिळते.

काही जणांना प्राधान्य आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नसतं. विधवा, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, अपंग, ज्येष्ठ नागरिक, तृतीयपंथी, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्पसंख्याक यांच्या जोडीला सफाई कामगार, बांधकाम मजूर, अंगणवाडी सेविका, विश्वकर्मा योजनेतले कारागीर आणि स्वनिधी योजनेत नोंद झालेले रस्त्यावरचे विक्रेते हेही त्या यादीत आहेत. म्हणजे कोरोनाच्या काळात दहा हजारांच्या कर्जासाठी खडेबाजारातल्या एखाद्या भाजीवालीनं नाव नोंदवलं असेल, तर तो कागद आजही तिच्या कामाचा आहे. कपाटात कुठं तरी घडी घालून ठेवलेला असेल, तो काढायला सांगा.

पैसा किती आणि कुणाचा?

स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला किंवा प्रकल्पात फ्लॅट घेणाऱ्याला शहरी योजनेच्या नव्या आवृत्तीत आपल्यासारख्या राज्यात केंद्राकडून दीड लाख आणि राज्याकडून किमान एक लाख, मिळून अडीच लाख रुपये मिळावेत असा आराखडा आहे. स्वतः बांधत असाल तर रक्कम एकदम मिळत नाही. पाया, भिंती, छत असं काम जसं वर चढतं, तसतसे हप्ते येतात, आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेवरूनच घेतला जातो. पहिल्या हप्त्याआधी पायाला लागणारा पैसा खिशात असावा लागतो. भिशी उचलून किंवा दागिना गहाण ठेवून लोक तो उभा करतात, आणि मधेच हप्ता लांबला की काम तसंच पडून राहतं. म्हणून अर्ज करतानाच हे गणित मांडा.

फ्लॅटचं गणित आणखी वेगळं. अनुदान वजा जाऊनही उरलेली रक्कम लाभार्थ्याला भरायची असते. कर्नाटकात झोपडपट्टी मंडळाच्या घरांसाठी हा वाटा चार-साडेचार लाखांवर जात होता. गरिबाला तो भरता येईना आणि बँका कर्ज देईनात, त्यामुळं घरं अर्धवट राहिली. शेवटी २०२३ च्या अखेरीस राज्य सरकारनं लाभार्थ्याचा वाटा एक लाखावर आणून वरचा भार स्वतः उचलायचं ठरवलं. यातून धडा एवढाच: ‘घर मंजूर झालं’ ऐकून पेढे वाटण्याआधी एकूण किंमत किती, आपला वाटा किती आणि इमारत नेमकी कुठं, हे विचारा. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रात्री नऊला दुकान आवरून निघणाऱ्या माणसाला घर शहराबाहेर मिळालं आणि त्या वेळेला बस नसेल, तर भाड्याचे वाचलेले पैसे रिक्षातच जाणार.

नावाची भानगड

आता सगळ्यात अडचणीच्या जागी येऊ. घर शक्यतो घरातल्या बाईच्या नावावर, नाहीतर नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं, असा योजनेचा आग्रह आहे. नियम चांगलाच आहे. पण आपल्याकडं बाईचं नाव हीच कागदावरची सगळ्यात अस्थिर गोष्ट.

समजा, एका बाईचं शाळेच्या दाखल्यावर नाव आहे सुरेखा परशराम पाटील. लग्नात तांदळावर नवं नाव काढलं, स्नेहल. आडनाव झालं जाधव. रेशन कार्डावर स्नेहल, बँकेच्या पासबुकावर सुरेखा, आधारवर नवऱ्याचं नाव आहे पण आडनाव नाही. घरातल्या माणसांना ही एकच बाई. संगणकाला मात्र तीन.

त्यात आपल्या सीमाभागाची खास अडचण मिसळते. मराठीत आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ उच्चारत नाही. ‘जाधव’ लिहितो आणि ‘जाधव्’ म्हणतो. कन्नडमध्ये शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारतात; तो नको असेल तर अक्षराला वेगळी खूण द्यावी लागते. ती खूण राहिली, की कन्नड कागदावरचा जाधव इंग्रजीत उतरवताना ‘जाधवा’ होतो, कदमचा ‘कदमा’ आणि स्नेहलची ‘स्नेहला’. भाषाशास्त्राच्या तासाला हा मुद्दा गमतीचा वाटतो. पण एका ‘आ’मुळं आधार आणि रेशन कार्ड जुळत नाही, आणि जुळलं नाही की अर्ज मागं येतो.

उपाय किचकट नाही, फक्त वेळखाऊ आहे. म्हणून अर्जाची घोषणा होण्याआधीच तो करायचा. आधार हा पाया धरा, कारण पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. आधारवरचं नाव बरोबर असेल, तर रेशन कार्ड, पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला त्याच्याशी जुळवून घ्या. आधारवरच चूक असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला लावून दुरुस्त करा. मात्र आधारवरचं नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा एकेक अक्षर वाचूनच ‘ओके’ म्हणा. जुन्या कागदांवरचं माहेरचं नाव बदलता येत नसेल, तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

बाकीचे कागद असे: कुटुंबातल्या सगळ्यांची आधार कार्डं, उत्पन्नाचा आणि लागू असेल तर जातीचा दाखला (हे नाडकचेरीत मिळतात), आणि स्वतःच्या जागेवर बांधायचं असेल तर जागेची मालकी. गावात त्यासाठी ई-स्वत्तूचा उतारा लागतो, शहरात ई-आस्तीची नोंद किंवा सिटी सर्व्हेचा, म्हणजे सीटीएसचा उतारा. आजोबांच्या नावावरची जागा तोंडी वाटणीनं आपल्याकडं आली असेल, तर ती कागदावर अजून आजोबांचीच आहे. वारसा लावून घ्या. घरकुलाचा निधी परत जातो आणि वारसाचा अर्ज पडून असतो, असं बऱ्याच घरांत घडतं.

अर्जी, आदाय, विळास

इथले फॉर्म बहुतेक कन्नडमध्ये असतात. मराठी शाळेत शिकलेली बाई तो फॉर्म हातात घेऊन एजंटकडं जाते. तो दोनशे-पाचशे रुपये घेतो आणि काय भरतो ते तिला कळत नाही. ‘निवेशन रहित’ आणि ‘वसती रहित’ यांतला फरकच पाहा. ‘निवेशन’ म्हणजे प्लॉट. ज्याच्याकडं जागाच नाही तो निवेशन रहित, आणि जागा आहे पण घर नाही तो वसती रहित. चुकीच्या रकान्यात खूण पडली, की जागा नसलेला माणूस ‘बांधकाम अनुदाना’च्या यादीत जातो, आणि तिथं त्याच्याकडं उतारा मागितला की तो अपात्र.

थोडे शब्द पाठ करून ठेवण्यासारखे आहेत. ‘हेसरु’ म्हणजे नाव. ‘तंदे’ वडील, ‘गंड’ नवरा. ‘आदाय’ म्हणजे उत्पन्न; आपल्याला ते ‘अदा केलेलं’ वाटून खर्च वाटायची शक्यता आहे. ‘विळास’ म्हणजे पत्ता, त्याचा ऐषआरामाशी काही संबंध नाही. ‘पडितर चीटी’ म्हणजे रेशन कार्ड. ‘फलानुभवी’ म्हणजे लाभार्थी. ‘अर्जी’ आणि ‘सही’ मात्र दोन्हीकडं सारखेच. एवढ्या शब्दांवर निम्मा फॉर्म उलगडतो.

भाषेच्या हक्काचाही एक मुद्दा आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार तक्रारीचं निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. म्हणजे घराबद्दलची तक्रार मराठीत लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे. मराठी भाषकांची संख्या पुरेशी आहे तिथं सरकारी कागद मराठीतही मिळावेत, ही इथली जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. पण ती पूर्ण होईपर्यंत शेजारच्या काकूंचा फॉर्म थांबता कामा नये.

अर्ज दिल्यानंतर

अर्ज दिला आणि घरी आलो, असं करू नका. पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा. नाडकचेरीतल्या दाखल्यांसारख्या सेवा ‘सकाल’ कायद्यात येतात. अर्जाबरोबर मिळणारा जीएससी क्रमांक जपून ठेवा. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही, तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूद त्या कायद्यात आहे. रक्कम किरकोळ आहे, पण क्रमांक दाखवून विचारणाऱ्याला ‘उद्या या’ म्हणणं अवघड जातं.

गावात लाभार्थ्यांची निवड ग्रामसभेत होते. आपण ग्रामसभेला जात नाही आणि नंतर यादीवर चिडतो. जाऊन बसा, नावं मोठ्यानं वाचायला सांगा, ठरावाची नक्कल मागा. शहरात राज्याच्या योजनेची यादी आमदारांच्या अध्यक्षतेखालच्या आश्रय समितीपुढं जाते. नाव का वगळलं, हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात हा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहावा लागतो. तो कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत असावा. इथं मराठी चालत नाही. नेमका प्रश्न १५० शब्दांत मांडणं ही निबंधलेखनाची परीक्षाच आहे, आणि ती आपल्याला जमायला हवी.

सोलापूरच्या विडी कामगार बायका

निपाणी म्हटलं की तंबाखू आणि विडी आलीच. घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो बायकांची ही भूमी. विडी कामगारांसाठी केंद्राची वेगळी घर-अनुदान योजना होती. २०१६ च्या सुधारणेनंतर तिच्यात दीड लाख रुपये तीन हप्त्यांत मिळत. पुढं ती प्रधानमंत्री आवास योजनेत मिसळली. म्हणून जुन्या योजनेची वाट पाहत बसलेल्या मावश्यांना हे कुणीतरी सांगायला हवं, की आता अर्ज सर्वसाधारण योजनेतच करायचा आहे.

त्यांना सोलापूरची हकिकतही सांगा. तिथं कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं विडी कामगार बायकांनी गोदूताई परुळेकरांच्या नावानं सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली आणि कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची वसाहत केली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं मिळाली. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचं रे नगर उभं राहिलं. त्यातल्या १५ हजार घरांचं हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केलं. दोन पंतप्रधान वेगळ्या पक्षांचे. मागणी करणारे कामगार तेच. त्यांच्याकडं आपल्यापेक्षा वेगळं काय होतं? बाई एकटी ऑफिसात गेली नाही, संस्थेची सभासद म्हणून गेली. एकीच्या कागदात चूक निघाली, तर ती दुरुस्त करायला संस्था मागं उभी होती. मोर्चे निघाले, पण मोर्च्यांच्या मागं सभासदांच्या नोंदी, वर्गणीच्या पावत्या आणि अर्ज व्यवस्थित लावून ठेवलेले होते.

आपण काय करायचं?

आपल्या मंडळात मराठी शुद्धलेखनावर वाद घालणारे खूप आहेत. कन्नड लिहिता-वाचता येणारेही आहेत, कारण आपण ती शाळेत शिकलो. इंग्रजीतला ऑनलाइन फॉर्म तर सगळ्यांच्याच हातातल्या मोबाईलवर उघडतो. ज्या तीन भाषांमध्ये आपल्या गल्लीतली माणसं अडकतात, त्या तिन्ही आपल्याला येतात.

तेव्हा येत्या सुटीत एवढं करा. आपल्या गल्लीतली भाड्यानं राहणारी पाच कुटुंबं निवडा. त्यांचे कागद एका चादरीवर मांडा: आधार, रेशन कार्ड, पासबुक, दाखला, उतारा. प्रत्येक कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर वहीत उतरवा, आणि जुळत नाही तिथं लाल पेनानं गोल करा. कुणाकडूनही पैसे घेऊ नका, कुणाला घराचं आश्वासन देऊ नका, ओटीपी कुणाचाही विचारू नका. तो त्यांनाच टाकू द्या. मग त्या लाल गोलांची यादी घेऊन त्यांच्याबरोबर नाडकचेरीत जा. पाच घरांत मिळून दहा-बारा गोल सहज निघतील. यादी लागेल त्या दिवशी त्यातला एकही उरलेला नसावा.